अग्निमंदिराची पुरवणी

“भिया, सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही, पण नागराज गेला,” अशोकराव म्हणाले आणि पोह्यांवर आणखी मूठभर शेव घातली. “आज पहाटे. एकट्याने मारला.”

जुन्या इंदूरच्या त्यांच्या घरच्या बैठकीत चमचे थांबले. पहिला थांबला तो मोहनरावांचा. निवृत्त मास्तरांच्या ‘चक्रभूमी’ पथकाचे ते सेनापती. चक्रभूमी म्हणजे मोबाइलवरचा तलवारी नि राक्षसांचा खेळ. वरच्या मजल्यावरच्या संहिताने तो मास्तरांना शिकवला होता. ती पुण्याहून इथे नोकरीला आलेली, आणि शिकवल्याचा तिला आता पश्चात्ताप होत होता. खेळ फुकट. पण आधी डोंगर वेगळा विकत आला, मग डोंगरावर चढायची वाट, मग घोडा, आणि घोड्याला शेपूट हवं असेल तर तेही वेगळं. अशा प्रत्येक नव्या भागाला संहिता एक्स्पान्शन म्हणायची. जन्म उत्तरपत्रिका तपासण्यात गेलेले मास्तर पुरवणी म्हणायचे.

मोहनरावांच्या घोड्याला शेपूट होतं. अशोकरावांकडे घोडाच नव्हता. सेनापतींच्या हुकमावरून ते वर्षभर पथकाची गाढवं हाकत होते. बत्तीस दातांचे राक्षस समोरून येत, सगळे तलवारी उपसत, आणि मोहनराव ओरडत, “अशोक, गाढवं मागे घे!”

आता मात्र ठरलं होतं, की अग्निमंदिराच्या पुरवणीतला नागराज जो मारेल तो नवा सेनापती. रविवारी सकाळपर्यंत कुणीच नाही मारला, तर मोहनराव कायम. रविवार उजाडला होता. टीपॉयवर शाल आणि श्रीफळ मांडून ठेवलेलं होतं. शिवाय खेळ सकाळपासून अपडेटसाठी बंद होता. कोण जिंकलं, कोण मेलं, हे दुपारपर्यंत कुणालाच पाहता येणार नव्हतं. अशोकरावांना तेवढा वेळ पुरे होता. एकदा खांद्यावर घातलेली शाल मराठी मंडळी परत मागत नाहीत, हे त्यांनी पुष्कळ सत्कारांत पाहिलं होतं.

“फोटो काढला का, काका?” संहिताने विचारलं.

“युद्ध होतं ते! सत्यनारायण थोडी आहे, फोटो काढायला?”

आणि अशोकराव रंगात आले. मंदिराची फरशी कशी निखाऱ्यासारखी लाल, अनवाणी पाऊल पडलं की माणूस जागच्या जागी भस्म. पण त्यांच्या पायात मागच्या पुरवणीतले लाल बूट, आग न लागणारे. नागराज आधी राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत लांब होता. मोहनरावांनी तोंड वाकडं केलं, तसा तो पार शहराबाहेर, सांवेर गावापर्यंत गेला.

“सांवेरपर्यंत?”

“शेपटीवरून ट्रॅक्टर जात होते, भिया. त्यांना वाटलं, नवा रस्ता झाला.”

मारून झाल्यावर अशोकराव तसेच निघून आले नाहीत. इंदूरचा माणूस. कात सुक्या कचऱ्यात टाकली, बाकीचा नाग ओल्यात, आणि मगच तलवार पुसली.

“मी गुडघ्यामुळे अजून त्या मंदिरात पाऊलच ठेवलं नाही,” मोहनराव घाईघाईने म्हणाले. “नाहीतर…”

मोबाइलवर चालायला गुडघा कशाला लागतो, हे कुणी विचारलं नाही. कोपऱ्यात अशोकरावांच्या पत्नी, प्रमोदिनीबाई, कानात बोंडं घालून मांडीवरच्या टॅबवर भजनं ऐकत होत्या. टॅब शंतनूने, मुलाने, त्यासाठीच घेऊन दिला होता. महिन्याभरात भजनं फार वाढली होती. खेळाला त्या ‘तुमची ती भुताटकी’ म्हणायच्या.

त्यांना ऐकू जात नाही हे पाहून अशोकरावांनी आवाज उतरवला. “आणखी एक गंमत. खेळात एक जोगीण आहे. खांद्याला झोळी. कोण, कुठली, काही पत्ता नाही. पण महिनाभर माझ्या मागे मागे. जरा खरचटलं की आली औषध घेऊन. भाळलीय, और क्या!”

प्रमोदिनीबाईंनी एका कानातलं बोंड काढलं. “पोहे वाढू का कुणाला?” त्यांनी विचारलं. कुणाला नको होते. बोंड त्यांनी परत घातलं नाही.

मोहनरावांना उठावंच लागलं. त्यांनी शाल उलगडली, तिच्या घड्या पुन्हा नीट केल्या, पुन्हा उलगडली. संहिताने श्रीफळ पुढे धरलं. अशोकरावांनी मान लववली. त्यांच्या मनात गाढवं मोहनरावांच्या ताब्यात जाऊनही झाली होती.

शाल खांद्यापासून वीतभर अंतरावर आली आणि मोहनराव थबकले.

“एक सांगा, मास्तर. मंदिर होतं ना ते? देवळात बूट घालून शिरलात तुम्ही?”

अशोकरावांनी मान आणखी लववली. “युद्धात चालतं,” ते म्हणाले. “पायातले बूट मी क्षणभरही काढले नाहीत.”

“काढले!” प्रमोदिनीबाईंनी दुसरंही बोंड काढून टॅबवर ठेवलं. “दाराशी काढून, उंबऱ्याला हात लावून हे आत गेले आणि पहिल्याच फरशीवर भस्म झाले. ते लाल बूट माझ्या झोळीत आहेत, त्याच दाराशी सापडलेल्या मोहनभावजींच्या निळ्या बुटांशेजारी. आणि अहो, भाळले-बिळले नाहीये मी. औषध लावायचं तर जवळ यावंच लागतं.”