पंख्यातलं फडकं

बीटल गाडीच्या नाकाचा पत्रा कापून खाली पडला तेव्हा बद्रीनाथनं तोंड फिरवलं. सदतीस वर्षं त्यानं खडकीच्या गॅरेजात हवेवर थंड होणारी इंजिनं बांधली होती. आता सर्जेरावांच्या या गाडीत पुढे रेडिएटर बसणार होता, तळाखालून पाण्याचे पाइप जाणार होते आणि मागे दुसऱ्याच गाडीचं इंजिन येणार होतं. "चार वर्षं झाली, तापतीय ती तापतीयच," सर्जेराव म्हणाले होते. "हवा पुरे झाली मिस्त्री. आता पाणी घाला." बागायतदाराचा हुकूम. बद्रीनाथनं मान हलवली.

तापणं सुरू झालं होतं ते त्यानं इंजिन नव्यानं बांधल्यावर महिन्याभरात. सर्जेरावांनी गाडी परत आणली, तर यानं इंजिन उघडलंसुद्धा नाही. "इंजिन कशाला बघायचं? ड्रायव्हर बघा," असं तो हिंदुरावच्या देखत म्हणाला. हिंदुराव बावीस वर्षं त्या गाडीवर होता, स्वतःच्या लेकरासारखी तिला धुवायचा. पण मिस्त्रीचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. दुसऱ्या दिवशी हिंदुराव घरी बसला. गाडी मात्र तापतच राहिली. पुढचे दोन ड्रायव्हरही बद्रीनाथच्या मते गाढवच निघाले.

आज जुनं इंजिन उतरवलं. भंगारात देण्याआधी त्यानं पंख्याचं कवच सोडवलं, आणि त्याचा हात थांबला. आत, हवेच्या वाटेवरच, एक फडकं घट्ट बसलं होतं. काळं पडलेलं, पण कडेची पिवळी फुलं ओळखू येत होती. बाजारच्या चिंध्या त्याच्या गॅरेजात चालत नसत. घरची जुनी कापडं त्याची बायको वेणूबाई फाडून द्यायची. हा त्यांच्या लेकीचा, दीपमालाचा फ्रॉक. इंजिन बांधताना आत कचरा जाऊ नये म्हणून त्यानंच तो बोळा कोंबला होता, आणि काढायला विसरला होता.

बद्रीनाथ तिथंच खाली बसला. त्याला स्वतःची शिसारी आली. फडकं जाळलं असतं तर कुणाच्या बापाला कळणार होतं? तसा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. मग त्यानं ते खिशात घातलं, स्कूटर काढली आणि विश्रांतवाडी गाठली.

हिंदुराव तिथं एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन होता. दोन मापं मोठा गणवेश घालून लोकांच्या गाड्यांना जागा दाखवत होता. बद्रीनाथला पाहताच त्यानं स्वतःची खुर्ची पुढे केली.

बद्रीनाथ बसला नाही. त्यानं फडकं काढून दाखवलं. "हिंदुराव, गाडी तुम्ही नव्हती तापवली. हे पंख्यात राहिलं होतं. मीच विसरलो होतो. आत्ताच्या आत्ता चला, सर्जेरावांपुढे सांगतो. तुम्हाला गाडीवर परत घ्यायला लावतो."

हिंदुरावनं फडकं उलटसुलट करून पाहिलं. नीट घडी घातली आणि परत त्याच्या हातात दिलं.

"मी आता गाडी चालवत न्हाई, मिस्त्री. लायसन संपलं, ते पुन्हा काढलंच न्हाई. पोरगं म्हनलं, दुसऱ्या कुनाची चालवा. म्या म्हनलं, एवढ्या जानत्या मानसानं खोट काढली, तर आसंलच माझ्या हातात खोट. उगं कुनाचा जीव कशाला धोक्यात घाला?"

"अहो, खोट तुमच्यात नव्हतीच! चूक माझी होती, माझी!"

हिंदुरावचे डोळे भरून आले. वयानं थोरला असूनही तो वाकला आणि बद्रीनाथच्या पाया पडला.

"माझ्या समाधानासाठी स्वताच्या तोंडाला काळं फासून घेताय, मिस्त्री. लई मोठं मन हाय तुमचं."