पिवळं दगडफूल

हिवाळ्यात पाऊस पडून गोठला, बर्फाखालचा चारा रिस्तेनच्या रेनडिअरांना मिळेना. खालच्या जंगलात झाडांवर दगडफूल लोंबत होतं, पण घंटा बांधलेला म्होरक्या वळेना, म्हणून कळपही वळेना. म्होरक्या कड्यावरच्या सरकारी कुंपणाला धडकत होता. आत मुलखातलं शेवटचं पिवळं दगडफूल होतं. “मावशी, आवर त्याला! एवढ्याशानं तुझा कळप जगायचा नाही, हे पुन्हा उगवायचं नाही!” कुंपणाचा राखणदार असलेला तिचा भाचा ओरडला. “तूच आवर की, सरकारच्या जावया!” दोर ओढत रिस्तेन म्हणाली. तार तुटली. म्होरक्यामागं कळप आत घुसू लागला. त्याला तिनंच बाटलीच्या दुधावर वाढवलं होतं. देवाचं नाव घेत तिनं सुरी त्याच्या मानेत मुठीपर्यंत खुपसली. रक्ताळलेली घंटा स्वतःच्या गळ्यात बांधून तिनं खालच्या जंगलाचा उतार धरला. कळप घंटेमागं निघाला. घंटा थांबू नये म्हणून ती रडायलाही थांबली नाही.