कूलरची खोली

हिरासिंगनं काउंटरवर कार्ड ठेवलं, तेही बायकोला नीट दिसेल असं. लॅमिनेशन केलेलं, वर त्याचा फोटो, खाली ‘कायम सभासद’. बियाण्यांच्या विक्रीसाठी हिंगोलीत आला की तो याच लॉजवर उतरायचा. ‘तिथं आपला मान येगळा हाय,’ हे शकुंतलाबाईनं घरी ऐकून ऐकून पाठ केलं होतं. उद्या नात्यातलं लग्न होतं. नातेवाइकांकडं उतरायचं सोडून त्यानं तिला मुद्दाम इथं आणलं होतं.

“कूलरची खोली द्या, शेठ.”

लॉजचे मालक गोपीचंद शेठ हसले. “ती आत्ताच गेली. जिन्याखालची देतो.”

जिन्याखालच्या खोलीतला पंखा वरची गरम हवा तेवढी खाली आणत होता. खिडकी उघडावी तर संडासाचा वास. शकुंतलाबाई खाटेवर बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली. तिनं दोन शब्द सुनावले असते तर हिरासिंगला बरं वाटलं असतं.

तो बाहेर आला, तर वरच्या मजल्यावरून कुलदीप उतरत होता. दुसऱ्या कंपनीचा नवा विक्रेता, या लॉजवर पहिल्यांदाच आलेला. अंघोळ करून, मानेला पावडर लावून अगदी ताजातवाना.

“काका, कूलर लई झकास हाय इथला.”

हिरासिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. या पोरानं आधी डोंगरकडा गावातले आपले दुकानदार ओढले, आता खोलीही घेतली. कूलर आपल्याला नाही मिळाला तरी चालेल, पण तो आजच्या आज जळून जावो, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

जेवायलाही शेठनी कुलदीपलाच आधी बसवलं. स्वतः उभं राहून गरम पुऱ्या वाढल्या. हिरासिंग आणि शकुंतलाबाई भिंतीजवळच्या बाकावर थांबली. शेवटी हिरासिंगला राहवलं नाही. तो शेठना बाजूला घेऊन म्हणाला, “कार्ड माझ्याकडं हाय, अन् पाहुणचार त्याचा करून राहिले तुमी. काहून?”

शेठनी त्याच्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला. “तो परका माणूस हाय. आज खूश झाला न्हाई, तर उद्या दुसऱ्या लॉजवर जाईल. तुमी तर आता घरचे झाले. घरच्या माणसाचं जरा मागंपुढं झालं तर काय तकलीफ हाय?”

हिरासिंग बाकावर येऊन बसला. कुलदीपच्या ताटात आणखी एक फुगलेली पुरी पडली.

“घरचा म्हणं,” तो पुटपुटला. “घरच्या माणसाला असं उपाशी ताटकळत ठिवतेत व्हय कुठं?”

शकुंतलाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली, “आपल्याकडं पाहुणे आल्यावर मी कवा जेवते, ते ठाव हाय का तुमाला?”