अठ्ठ्याहत्तर किलो

पहिला घास कॅप्टन मोहिल्यांनी कुत्र्याला घातला.

कुत्र्याने तो गिळला आणि दुसऱ्यासाठी शेपटी हलवली. कॅप्टन पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. मग त्यांनी यशोदाबाईंनी आणलेला डबा पुढे ओढला. आत वांग्याचं भरीत होतं, त्यावर बोटभर तेल. खालच्या डब्यात तुपात बुडालेली पुरणपोळी.

"खाई ल्या भाऊ," यशोदाबाई म्हणाल्या. "मना वाल्मीकले बी हाईच आवडे."

कॅप्टनना ठसका लागला. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांनी आधी कुत्र्यापुढे धरला.

संशय रास्त होता. वाल्मीक सोनवणे, यशोदाबाईंचा एकुलता एक मुलगा, जळगावजवळच्या ह्या उड्डाण प्रशिक्षण केंद्रात शिष्यवृत्तीवर हेलिकॉप्टर चालवायला शिकत होता. एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात, तो आणि त्याचे प्रशिक्षक कॅप्टन धुळ्यापर्यंतच्या उड्डाणाच्या धड्यासाठी निघाले. हा धडा कॅप्टनच्या विशेष आवडीचा. धुळ्याला त्यांची सासुरवाडी होती. हेलिकॉप्टर धावपट्टीपलीकडे वना पाटलांच्या केळीच्या बागेत कोसळलं. वाल्मीक जागीच गेला. कॅप्टनचं मनगट मोडलं.

कारण कॅप्टननीच सांगितलं. यंत्रावर भार जास्त झाला, कारण वाल्मीकने नोंदवहीत आपलं वजन खोटं लिहिलं होतं. मेलेल्याला काट्यावर कोण उभं करणार? अहवालात तसंच छापून आलं. पंचनाम्याला आलेल्या शिपायांनी अवशेषांभोवती सांडलेली पिवळीधमक केळी खाल्ली आणि सह्या केल्या.

यशोदाबाई त्याच बागेत तीस वर्षं कच्चे घड उतरवत होत्या. त्यांनी मोडलेल्या हेलिकॉप्टरभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून काहीतरी बघितलं आणि न रडता घरी गेल्या. महिन्याभराने केंद्राने त्यांना उपाहारगृहात कामाला घेतलं. शिफारस कॅप्टनची. पेपरात दोघांचा फोटोही आला.

कॅप्टननी आणखी एक पुण्यकर्म केलं. हँगरच्या दारात वजनकाटा बसवला आणि नियम काढला: वजन लिहिल्याशिवाय उड्डाण नाही. विद्यार्थी काट्यावर चढत. कॅप्टन चढत नसत. ते आपलं आठवणीतलं वजन लिहीत: अठ्ठ्याहत्तर.

महिन्याभराने कुत्र्याची नेमणूक संपली. कॅप्टन डबा सरळ स्वतःच खाऊ लागले.

"अक्का," मेकॅनिक सुपडूने एकदा यशोदाबाईंना गाठलं, "तुझ्या पोराला ह्या माणसाने कागदावर लबाड ठरवलं. अन् तू त्यालाच तूप वाढतेस? मी असतो तर पाणीसुद्धा दिलं नसतं."

"भुक्या माणूसवर राग धरू नही, सुपडू."

"भुकेला? त्याच्याकडे बघ तरी एकदा!"

"मी रोज देखस ना," यशोदाबाई म्हणाल्या आणि कढईत आणखी एक पळी तेल सोडलं.

केंद्रात सगळे त्यांना माऊली म्हणू लागले. दिवाळीपासून कॅप्टनही 'आई' म्हणू लागले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी आमरसाबरोबर सात पुरणपोळ्या खाल्ल्या आणि डोळ्यांत पाणी आणून आठवी मागितली. गणवेशाची बटणं तुटली की यशोदाबाईच टाचून देत, थोडी पुढे सरकवून. पट्ट्याला नवं भोकही त्यांनीच पाडलं. कॅप्टनना आपण आहोत तसेच आहोत असं वाटत राहिलं.

दीड वर्षाने मुंबईचे तपासणी अधिकारी आले. त्यांनी नोंदवही उघडली आणि बराच वेळ पानं उलटली.

"अठ्ठ्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. इथेही अठ्ठ्याहत्तर. मोहिले, जरा काट्यावर या."

"सर, मी प्रशिक्षक आहे. हा नियम विद्यार्थ्यांसाठी..."

"खाली सही तुमची आहे. नियम सगळ्यांसाठी आहे असं वर तुम्हीच लिहिलंय."

काटा एकशे बारावर जाऊन थरथरला.

"सीटची मर्यादा किती?"

"एकशे दहा," सुपडूने न विचारता सांगितलं.

अधिकाऱ्याने वहीत एकच ओळ लिहिली: वजन खोटं नोंदवलं. महिन्याभरात परवाना रद्द झाल्याचं पत्र आलं.

निघायच्या दिवशी कॅप्टन सामान घेऊन उपाहारगृहाच्या पायरीवर बसले होते. "संपलं सगळं, आई."

यशोदाबाईंनी त्यांच्या हातात एक जड पिशवी दिली. आत दोन डझन पिवळीधमक केळी होती.

"हे कशाला?"

"धुयाले सासरवाडीले लई जा. यस्टीमा कोनी वजन इचारत नही." त्यांनी कॅप्टनच्या शर्टाचं सुटलेलं बटण नीट लावलं. "मना वाल्मीक गया त्या दिन वनाभाऊनी बागमा बठ्ठा घड हिरवा व्हतात, एक बी पिकेल नव्हता, साहेब."