मधली खुर्ची

मनाच्या डॉक्टरीणबाईंना आमची भाषा येत नव्हती, आईला त्यांची. मधल्या खुर्चीवर दुभाषी म्हणून नऊ वर्षांची मी. "काय होतंय, विचार आईला." आई भिंतीकडे बघत म्हणाली, "सांग, जगावंसंच वाटत नाही." असं बोलल्यावर शेजारच्या काकूंना इस्पितळात नेलं होतं, त्या परतल्याच नव्हत्या. "आईला झोप लागत नाही," मी सांगितलं. बाईंनी मान डोलावून झोपेच्या गोळ्यांची भरलेली बाटली आईच्या हातात ठेवली. जिन्यात आईनं विचारलं, "सांगितलंस ना सगळं?" "हो." कितीतरी दिवसांनी ती हसली. बाटली मी दप्तरात लपवली. रोज एकच गोळी हातावर ठेवायची. "आली माझी कंपाउंडर!" आई म्हणायची. शाळेतून आल्यावर बेल दाबून, तिच्या चपला वाजेपर्यंत मी श्वास रोखायची. आता माझी सत्तरी उलटली, तरी कुणाच्याही दारात माझा श्वास अडकतोच.