रस्त्यावरचा चोथा

बाळंतपणात वेनच्यूचं रक्त फार गेलं, अंगात त्राण उरलं नाही, म्हणून वैद्यबाईंनी जिनसेंगच्या काढ्याच्या पुड्या दिल्या होत्या. तरी आजही नाडी दोऱ्यासारखी बारीक, जीभ पांढरीफटक. वैद्यबाई तणतणत निघाल्या. आजार येणाऱ्याजाणाऱ्यांनी तुडवून न्यावा म्हणून सासूने काढ्याचा चोथा रिवाजाप्रमाणे रस्त्यावर ओतला होता. वैद्यबाईंनी उकिडवं बसून तो चिवडला. साली होत्या, मुळ्या होत्या, जिनसेंगची एकही चकती नव्हती. “काकू, जिनसेंग कुठंय?” त्यांनी मागे उभ्या सासूला विचारलं. “लेकाच्या सूपमध्ये. तो राबतो, ही नुसती लोळते.” “लोळत नाही, मरतेय ती! आणि तू रे घोड्या, चवीनं पितोस?” उंबऱ्यावर बसलेल्या नवऱ्याचा चमचा थांबला. “मला वाटलं, तिचं पिऊन उरलं असेल.” भिंत धरत वेनच्यू आली. तिने त्याच्या हातातला वाडगा हिसकावला, उभ्यानेच संपवला आणि तळाची चकती सासूकडे रोखून बघत चावली.