गरम अन्नासाठी सुरक्षित
तो प्लास्टिकच्या डब्यांचे साचे कोरायचा. वाकडे निघालेले डबे मालक कामगारांना फुकट वाटायचा, दानशूर माणूस. बायको त्यांतच वाफाळतं जेवण भरायची. तिच्या किडन्या गेल्यावर लेक म्हणाली, “माझी एक घे, आई. दोन्हींचं काय लोणचं घालायचंय?” तपासणीनंतर डॉक्टरांनी लेकीचा रिपोर्ट बाजूला ठेवला. “हिची नाही चालणार. हिच्याही किडन्या बिघडायला लागल्यात. घरी गरम जेवण प्लास्टिकमध्ये ठेवता?” “त्यामुळे झालं?” बापानं विचारलं. “छातीठोक सांगता येत नाही. पण बंद करा.” लेकीनं आईसाठी आणलेला डबा उचलून बूड दाखवलं. “इथं तर ‘गरम अन्नासाठी सुरक्षित’ लिहिलंय. बाबा, तुमच्या कारखान्यात तपासूनच लिहितात ना?” कुणीच तपासलं नव्हतं. “कोर रे, माल खपतो,” मालक म्हणाला होता. बाप नखानं अक्षरं खरवडू लागला. निघेनात. त्याचं काम चोख होतं.